उजव्या चाकाचं हब

१

जुनी गाडी घ्यायची तर आधी तिच्याखाली पाठ टेकवायची, हे मला व्हर्जिलने शिकवलं. रंग बघायचा नाही, गाद्या बघायच्या नाहीत, विकणाऱ्याचं तोंड तर मुळीच बघायचं नाही. हातोडी घेऊन खाली सरपटत जायचं, चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा ठोकायचा आणि आवाज खणखणीत आला तरच उठून भावाचं बोलायचं. आमच्या ओझार्कच्या डोंगरात अठ्ठावीस वर्षं तो गाड्या दुरुस्त करतोय. गाडीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलल्याचं कुणी सांगणार नाही. मीही सांगितलं नसतं.

सप्टेंबरात माझ्या आधीच्या गाडीने राम म्हटला. नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू होतो, आणि आम्ही अकरा जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं रान म्हणजे निव्वळ छळ आहे. लाल चिखल, सुटे दगड, दोन ओढे आणि चार फाटकं. चारही चाकं ओढणारी गाडी नसेल तर पहिल्याच फाटकाशी उभं राहून बाकीच्यांना हात हलवायचा. नवी गाडी मला परवडणार नव्हती. व्हर्जिल म्हणाला, "एकटा जाऊ नकोस लेका, तुला गाढव विकतील आणि वर खोगिराचे पैसे लावतील." म्हणून शनिवारी आम्ही दोघं तीन गाड्या बघायला निघालो.

पहिलीला कमरेएवढी चाकं आणि टपावर सहा दिवे होते. व्हर्जिल हसला. "ही रानात गेलेली नाही ग्रेडी, ही आरशासमोर उभी राहिलेली आहे." दुसरीच्या खाली तो गेला आणि तोंडात गंज घेऊन बाहेर आला. "चासी कुठाय? गाळणी आहे नुसती."

तिसरी ऑपल नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेची होती. दारामागे गवतात उभी. जुनी, चौकोनी, ब्रशने पांढरी रंगवलेली. मला ती बघताच आवडली. व्हर्जिल मात्र खडीच्या वाटेवरच थांबला आणि त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"चासी सडलीय. चल."

"अरे, वाकलास तरी कुठे?"

"इथूनच कळतं मला. चल म्हणतो ना."

परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. हा माणूस एरवी मैलाच्या दगडाशीही गप्पा मारतो.

२

सोमवारी मी एकटा परत गेलो. गवतात पाठ टेकली आणि चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. देवळातल्या घंटेसारखी वाजली. कुठे तडा नाही, कुठे ठिगळ नाही.

मी तिथेच पडून राहिलो. वाईट वाटलं, दुसरं काय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी खोटं बोलला होता, तेही गाडीबद्दल. मग वाटलं, लबाडाला स्वतःलाच हवी असणार. मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली तेव्हा जरा बरं वाटलं.

ऑपलबाईंनी फार ताणलं नाही. कॉफी दिली, किल्ली दिली आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी पाच वर्षं चालवली रे ही. शेवटी शेवटी गुडघे गेले होते त्यांचे, पण गाडी सोडेनात. म्हणायचे, ऑपल, या गाडीत फाटकांचा त्रास नाही."

"म्हणजे काय, बाई?"

"मला काय ठाऊक? म्हातारपणी माणूस काहीही बोलतं."

मी हसून निघालो.

३

जुन्या गाड्यांत नुसती दांडी ओढून पुढची चाकं ओढायला लागत नाहीत. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते, तिला हब म्हणतात. खाली उतरायचं, ती हाताने फिरवून कट्ट आवाज येईपर्यंत लावायची, पलीकडे जायचं आणि दुसरी लावायची. चिखल संपला की पुन्हा उतरून सोडायची. आमच्याकडे याचा रिवाज ठरलेला आहे. चालवणारा डावीकडे बसतो, त्याने डावं हब बघायचं. उजवं हब सोबत्याचं. आणि फाटकं सगळी सोबत्याची. उजवीकडे बसून फाटकाला न उतरणाऱ्या माणसाला आमच्या कॅम्पात जेवण मिळतं, पण मान मिळत नाही.

माझा सोबती म्हणजे माझा धाकटा भाऊ, डॉयल. डावखुरा. उंच. गाडी पुरती थांबायच्या आतच दार उघडणारा.

त्याचं नाव मी सहा वर्षं घेतलं नव्हतं. त्याचं कारण सांगायला हवं.

कॅम्पात भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर रानाचा नकाशा रंगवलाय आणि प्रत्येक मचाणाच्या जागी एक खिळा ठोकलाय. खालच्या ओळीत आमचे नाव कोरलेले पितळी बिल्ले. पहाटे निघताना आपला बिल्ला उचलायचा आणि ज्या मचाणावर जाणार त्याच्या खिळ्याला अडकवायचा. परत आलं की खाली आणायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. दुपारी जेवणाची घंटा झाल्यावरही बिल्ला वर रानात लटकत असेल, तर ताट तिथेच ठेवून सगळ्यांनी शोधायला निघायचं. दरवर्षी पहिल्या दिवशी हे नियम व्हर्जिल वाचून दाखवतो. क्लबचा अध्यक्ष तोच, आणि घंटाही तोच वाजवतो.

सहा वर्षांपूर्वी मोसमाच्या पहिल्या पहाटे मी तापाने फणफणलो होतो, म्हणून डॉयल व्हर्जिलच्या गाडीतून गेला. त्याने आपला बिल्ला जुन्या गिरणीच्या मचाणाला लावलेला मी बघितला होता. दुपारी उठलो तर बिल्ला खालच्या ओळीत. व्हर्जिल म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला मी हमरस्त्यावरच्या बसथांब्यावर सोडून आलो. टेक्सासला गेला, तेलाच्या विहिरींवर. म्हणाला, ग्रेडीला आत्ता सांगू नकोस, तो अडवेल."

पोलिसांनी दोन प्रश्न विचारले. धडधाकट माणूस स्वतःच्या मर्जीने गेलाय, म्हणाले. एक पत्र आलं नाही. आई जाईपर्यंत विचारत राहिली आणि मी तिला सांगत राहिलो, विसर त्याला, त्याला आपली किंमत नाही. त्याची बंदूक मी व्हर्जिलला देऊन टाकली. माझ्या हाताने.

४

ऑक्टोबरात मचाणं नीट करायला मी एकटाच रानात गेलो. स्वच्छ सकाळ होती. पहिल्या चिखलाशी उतरलो, डावं हब लावलं, वळसा घालून उजवीकडे गेलो. ते आधीच लागलेलं होतं.

ऑपलबाईंच्या नवऱ्याने तसंच ठेवलं असेल, म्हटलं. संध्याकाळी घरी आल्यावर दोन्ही सोडली. उजवं फारच घट्ट होतं. पकड लावून, दात ओठ खाऊन फिरवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डावं मी लावलं, उजवं लागलेलं. आता मी काही भित्रा माणूस नाही. घट्ट हब आपोआप फिरत नसतं, पण लोखंड तापतं, निवतं, गाडी हादरते, काहीतरी असेल. मी ते पुन्हा सोडलं, खडूने चकतीवर आणि चाकावर एक सरळ रेघ ओढली, वीस पावलं गाडी पुढे घेतली, थांबलो, काच खाली करून कान दिला.

इंजिनाचा आवाज. कावळे. आणि मग उजवीकडून, जमिनीलगत, कट्ट.

उतरून बघितलं तर रेघ मोडलेली होती. चकतीवर लाल चिखलाचा अंगठा उमटला होता. मी माझे हात बघितले. कोरडे होते.

५

तिसऱ्या दिवशी फाटकाचं झालं. एकट्या माणसाचा फाटकाशी जीव जातो. उतरा, उघडा, चढा, गाडी आत घ्या, उतरा, लावा, चढा. पहिलं फाटक मी उघडलं, गाडी आत घेतली आणि लावायला उतरणार तोच आरशात बघितलं. फाटक लागलेलं होतं.

वाऱ्याने लागलं म्हणावं, तर साखळीही घातलेली होती. मी चालत गेलो. साखळीला दोन वेढे देऊन टोक आतून खाली सोडलेलं, उलट्या हाताने. असली साखळी आमच्यात एकच माणूस घालायचा आणि त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. डावखुऱ्याने घातलेली साखळी उजव्या हाताने सोडताना बोटं सोलतात.

माझी सोलली. मी तिथे उभा राहून बोटं चोखत होतो आणि मला रडू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं.

येताना वाट अरुंद होती आणि दाराला काटेरी झुडूप घासलं. घरी येऊन बघतो तर पांढरा रंग खरवडून निघाला होता. खाली हिरवा होता. गर्द हिरवा.

व्हर्जिलकडे सहा वर्षांपूर्वी एकच मोसम एक हिरवी गाडी होती. डिसेंबरात त्याने ती कुठेतरी लांब विकली. म्हणाला होता, चासी सडली.

मी त्याला काही विचारलं नाही. मित्राला विचारायचं म्हणजे आधी तो मित्र नाही असं धरून चालायचं. तेवढी माझी हिंमत नव्हती.

६

मोसमाचा पहिला दिवस. रात्रभर पाऊस झालेला. सकाळच्या शिकारीनंतर दहाच्या सुमाराला अध्यक्षाने फाटकं बघून यायचं असतं, आणि व्हर्जिलची नवी कोरी गाडी कॅम्पाच्या दारातच आसापर्यंत रुतून बसली. वर जाऊ शकेल अशी एकच गाडी होती.

स्टोव्हपाशी मटणाच्या रश्श्यात मिरच्या टाकत बसलेला कॉय ओरडला, "अध्यक्ष, जा की ग्रेडीच्या सडक्या चासीतून! बघू तरी किती सडलीय!" पुन्हा मचाणांवर निघालेले बाकीचे हसले. कॉय आमच्यात सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात तोंडाळ. व्हर्जिलही हसला. त्याला हसावंच लागलं.

गाडीपाशी आल्यावर त्याने मागचं दार उघडलं आणि मागे बसला.

"पुढे ये की," मी म्हणालो.

"इथे बरं आहे."

"पुढची जागा रिकामी आहे, व्हर्जिल."

मी इंजिन चालू केलं. पन्नाशीतला माणूस, गुडघे छातीशी घेऊन मागच्या बाकावर बसला होता आणि पुढच्या जागेकडे बघत नव्हता.

पहिल्या फाटकाशी मी थांबलो. हात स्टिअरिंगवरच ठेवले. "सोबती फाटक उघडतो," मी म्हणालो.

"ग्रेडी, गाडी मागे घे."

"का?"

तो उठला नाही. मीही उठलो नाही. काचेवर पानांतलं पाणी ठिबकत होतं. मग उजव्या दाराची कडी वाजली. दार उघडलेलं मला दिसलं नाही, पण माणूस उतरल्यावर गाडी त्या बाजूने जशी किंचित वर येते, तशी ती वर आली.

फाटक उघडलं. सावकाश, पुरतं, गाडी जाईल एवढं.

मी गाडी आत घेतली. आतून एक वेगळाच राग वर येत होता. मागे व्हर्जिल तोंडावर हात घेऊन पुटपुटला, "आता लावून परत येईल तो."

उजवीकडच्या आरशात मी बघितलं. आरसा लहान, वर चिखलाचे शिंतोडे. त्यात एक बाही दिसली, आणि एक डावा हात. कोपरापर्यंत लाल. त्याने साखळीचं टोक आतून खाली सोडलं. बस, तेवढंच. मग गाडी उजवीकडे पुन्हा दबली.

"कुठे?" मी विचारलं. कुणाला विचारलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

उत्तर मागून आलं. "गिरणीच्या उताराला. तो हब लावायला उतरला होता. मला वाटलं, बाजूला झाला, म्हणून गाडी पुढे घेतली."

"आणि मग?"

"मी हाका मारल्या, ग्रेडी. पुष्कळ हाका मारल्या."

"त्याने ओ दिली?"

व्हर्जिलने दार उघडलं आणि उतरला. चिखलातून, फाटकावरून चढून, कॅम्पाकडे चालू लागला. ओ दिली की नाही, ते त्याने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. नाही म्हणाला असता तरी मी ते धरून जगलो असतो.

७

गिरणीच्या वाटेवरचं चौथं फाटक सहा वर्षं बंद आहे. तिकडे दलदल झालीय, गाड्या बुडतात, असं अध्यक्षांनी ठरवलं आणि आपलं कुलूप घातलं. मी तिथवर गेलो. कुलूप होतं. फाटकापलीकडे शंभर एकर चिखल आणि वेली. एकट्याचं काम नव्हतं. आणि कुणाला काय सांगणार होतो? आरशात हात दिसला म्हणून?

मी परत फिरलो. कॅम्पाबाहेर व्हर्जिल घंटा वाजवत होता. दरवर्षीसारखी, तीनदा थांबून. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. तेव्हा मला ते उमगलं, आणि इतकं साधं होतं की मी पायरीवर बसलोच. घंटा वाजवणारा माणूस सगळ्यांच्या आधी कॅम्पात येतो. फळीपाशी त्या वेळी दुसरं कुणी नसतं, कॉय स्टोव्हकडे तोंड करून असतो. मी मात्र होतो तिथे, त्या दिवशी. दहा पावलांवर, तापात, भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

तो बिल्ला रानातच लटकत राहिला असता तर आम्ही सगळेच ताटं सोडून पळालो असतो. दीड मैल फक्त. त्याऐवजी आम्ही रस्सा खाल्ला. व्हर्जिलने सगळ्यांना वाढला, मला दोनदा, तापात अंगात ताकद यावी म्हणून. आणि आईला मी म्हणालो, त्याला आपली किंमत नाही.

आत कुणी नव्हतं, फक्त कॉय पाठमोरा भांडी काढत होता. संपलेल्या सेलच्या खणात डॉयलचा बिल्ला मीच त्या वर्षी फेकला होता. तो सापडला. शर्टाला पुसला. वर जुन्या गिरणीच्या खिळ्याला अडकवला आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.

८

एकेक जण आत आला, बूट झटकले, आपापला बिल्ला खाली लावला. हसत होते, कुणी हरीण पाडलं त्याच्या बढाया चालल्या होत्या. पहिल्यांदा कॉयचं लक्ष गेलं. त्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"हा कुणाचा चावटपणा?"

फळीशी चावटपणा कुणी करत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मी लावला," मी म्हणालो. "तो तिथेच होता. कुणीतरी खाली आणला."

"ग्रेडी, बाबा, सहा वर्षं झाली त्याला..."

"घंटा झाली का, कॉय?"

"झाली."

"बिल्ला कुठाय?"

कॉयने फळीकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या व्हर्जिलकडे बघितलं, बराच वेळ. व्हर्जिलच्या पँटला गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता आणि गाडीतून गेलेला तो एकटाच चालत परतला होता, हे कॉयने बघितलं होतं. कॉयने डाव खाली ठेवला आणि स्टोव्ह बंद केला.

"रानात आहे," तो म्हणाला. "उठा रे."

खुर्च्या सरकल्या. कुणी दोर घेतला, कुणी फावडी. कॉय जाता जाता व्हर्जिलसमोर थांबला. "गिरणीच्या फाटकाची किल्ली दे. आणि चल तूही. नियम तूच वाचून दाखवतोस ना?"

व्हर्जिलने किल्ली काढली. ती त्याच्या गळ्यात होती, शर्टाच्या आत. गळ्यात घालून फिरत होता तो इतकी वर्षं, आणि त्याच शर्टाला मी नाताळात मिठ्या मारल्या होत्या.

बाहेर सगळे माझ्या गाडीपाशी जमले. मी खाली वाकून डावं हब फिरवलं. कट्ट. उठलो. उजवीकडे गेलो नाही. पुढून वळसा घालायला कॉय निघाला होता, त्याला मी हाताने थांबवलं.

"डॉयल," मी म्हणालो. सहा वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं, आणि ते अगदी नेहमीसारखं निघालं, जरा वैतागून. "तुझ्या बाजूचं बघ रे."

नऊ माणसं दोर आणि फावडी घेऊन उभी होती. दहावा, व्हर्जिल, मागच्या दाराच्या मुठीला हात घालून उभा होता, पण त्याला ते उघडता येत नव्हतं.

पलीकडून आवाज आला, जमिनीलगत. कट्ट.

मी आत बसलो आणि गाडी उजवीकडे दबेपर्यंत थांबलो.